बाल्कनीखालच्या काकू

काही वर्षांपूर्वी मी माझ्या रीडिंग शहरातून व्हेरोनाला सुट्टीवर गेले होते. तिथल्या साहित्यिक वॉकिंग टूरवर एजवेअरला राहणाऱ्या एक मराठी काकू भेटल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांच्यासोबतचे काका हळू चालायचे. काकू प्रत्येक वळणावर थांबायच्या आणि गाइडचं बोलणं त्यांना मराठीत सांगायच्या.

त्या प्रसिद्ध बाल्कनीखाली गाइडने वैरी घराण्यांतल्या दोन प्रेमिकांच्या मरणाची गोष्ट सांगितली. काकांचा मफलर नीट करत काकू मला म्हणाल्या, "आमच्याही घरच्यांनी जिवे मारायची धमकी दिली होती गं. पण आम्हाला पुण्याची एसटी वेळेवर मिळाली."

"वेळेवर कसली? धावत पकडली!" काका हसले.

आजही त्या बाल्कनीचा फोटो पाहिला, की मला एसटीमागे हात धरून धावणारे ते दोघंच दिसतात.