आईचा हात

मे महिन्यात कोकणात माहेरी गेले, तेव्हा वहिनी अंगणात आंब्याची साठं घालत होती. हातात आईचा करवंटीचा डाव होता. आईच्या माघारी तो तिच्याकडे राहिला, हे रास्तच. तरी मला बघवेना. ताटात रस पसरताना तिचं मनगट अगदी आईसारखं वळत होतं. मुलगी मी, आणि आईचा हात मात्र हिच्याकडे!

"वन्सं, हे कालचं वाळलंय. आईंसारखं जमलंय का बघा."

काहीतरी कमी असू दे, असं म्हणतच मी तुकडा तोंडात टाकला. चव हुबेहूब आईची होती.

"जमलंय," मी कसंबसं म्हटलं.

तिचा चेहरा असा फुलला, जणू आईनेच शाबासकी दिली. मला त्याचाही हेवा वाटला.