पाव आणि पाऊण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमताई कटरे यांचा मुलगा गेला. तो चार वर्षांचा होता. त्या सकाळी केशोरीत लोक 'रोगराई घेऊन जा गे नारबोद' असं ओरडत नारबोदेच्या पुतळ्याला गावाबाहेर नेत होते.

हिवताप होता. गोंदियाच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहिलं आणि मात्रा तोंडी, हिंदीत सांगितली, "पौन चम्मच." घरी पोवारी आणि मराठी बोलणाऱ्या ताईंनी 'पाव' ऐकलं. पाऊण चमच्याऐवजी पाव चमचा पोटात गेला. ताप मेंदूत चढला होता, पूर्ण औषधानेही कदाचित काही झालं नसतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. ताईंनी ते ऐकून घेतलं. हे सगळं त्यांनी मला एकदाच सांगितलं, डबा खाताना, मान वर न करता.

आमची ओळख झाली ती बऱ्याच वर्षांनी, फुलचूरच्या शाळेत. त्या तिसरीला शिकवत, मी ग्रंथालय सांभाळत असे. इंटरनेट असलेला शाळेतला एकमेव संगणक माझ्या टेबलावर होता. मधल्या सुट्टीत ताई येत, पदर खोचून बसत आणि सर्चच्या चौकटीत एका बोटाने हिशेब टाइप करत. खिचडीला किती तांदूळ, सहलीला किती गाड्या, नव्वदचे निम्मे किती. उत्तर उमटलं की ओठ हलवत ते दोनदा वाचत.

दीड, अडीच, सव्वा हे शब्द त्यांच्या तोंडी कधीच येत नसत. पावणेदहाला त्या रेल्वेच्या घोषणेसारखं 'नऊ पंचेचाळीस' म्हणत. म्हणून शिक्षकांच्या खोलीत त्यांना 'स्टेशनवाल्या बाई' असं नाव पडलं होतं.

गणिताचे तुरकर सर त्यांना फार चिडवत. "बाई, सात अन् पाच बी त्यालेच विचारता? मंग मी कायले बसून राहिलो इथं?"

"तुम्ही तोंडानं सांगता, सर. थो कंप्युटर लिहून दाखवते. तोंडचा आकडा हवेत जाते."

त्यांना नंतर मुलगी झाली होती, मंजू. ती पाच वर्षांची असताना एका दुपारी नवऱ्याचा फोन आला. पोरगी तापाने फणफणली होती. औषध घरात होतं. किलोमागे किती द्यायचं ते ताईंनी डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घेतलं होतं, ती चिठ्ठी पर्समध्येच असे. त्या धावत ग्रंथालयात आल्या, चौकट उघडली, मंजूचं वजन टाइप केलं आणि वीज गेली. भारनियमनाची वेळ बदलली होती.

तुरकर सर वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी चिठ्ठी घेतली, वजन विचारलं आणि लगेच सांगितलं, "पाऊण चमचा. जा, ऑटो पकडा."

ताई उठल्या नाहीत. त्यांना ऐकू आलं नसावं असं समजून सर मोठ्याने म्हणाले, "पाऊण, बाई. पाऊण."

"तोंडानं नका सांगू," ताई म्हणाल्या. "लिहा."

सर हसायला लागले. मी म्हणाले, "सर, लिहा."

त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला सगळा गुणाकार मांडला आणि खाली ३.७५ मिली असं लिहिलं, पाच मिलीच्या चमच्याचा पाऊण भाग. ताईंनी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवलं, शेवटच्या आकड्यावर दोनदा. मग तो तुकडा फाडून त्या निघाल्या. ऑटोचा आवाज दूर गेल्यावर मी सरांना केशोरीची गोष्ट सांगितली. त्यानंतर ताईंनी वेळ विचारली की तेही 'नऊ पंचेचाळीस' म्हणत.

मंजूचा ताप उतरला.

पुढे काही वर्षांनी ताईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. नागपूरच्या दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेले तेव्हा डॉक्टर फेरीवर आले होते. दारात उभे राहून ते ताईंच्या नवऱ्याला म्हणाले, "दो-ढाई महीने." खाटेवर ते ऐकू येत होतं. ताई आता कागद मागतील असं मला वाटलं. त्यांनी मागितला नाही. "मंजूची शाळा कशी चालू हाय?" एवढंच त्यांनी मला विचारलं; मंजू तेव्हा आमच्याच शाळेत होती. चांगली चालली आहे, असं मी सांगितलं.

दोन महिनेसुद्धा झाले नाहीत, ताई गेल्या.

फुलचूरचं घर आता बंद आहे. मंजू वडिलांजवळ केशोरीला राहते. ती नववीत आहे.