चांगली गाडी विकणारा

ऑक्टोबर २००७, शनिवार सकाळ, कॅनडातले विंडसर. जुन्या गाडीची किंमत सहा हजार डॉलर. हजर: मी, माझी बायको आणि गाडीचा मालक, मूळचा नदीपलीकडच्या अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा एक कृष्णवर्णीय गृहस्थ.

आम्हाला चक्कर मारून आणण्याआधी त्याने लायसन्स आणि गाडीचे कागद डॅशबोर्डवर काढून ठेवले. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर, बाहेरून दिसतील असे ठेवले. गाडी अजून त्याच्याच ड्राइव्हवेत उभी होती.

"एवढी चांगली गाडी का विकता?" मी विचारले.

"चांगली आहे म्हणूनच. नदीपलीकडे पोलीस थांबवून विचारायचे, गाडी कोणाची? इथेही विचारतात. आता माझी मुलगी चालवायला लागेल. तिच्यासाठी साधी घेतोय."

मायलेज सांगावे तसे त्याने हे सांगितले.

"अहो, घासाघीस नको हं," बायको मराठीत म्हणाली.

रोख दिली की भाव उतरतो, या हिशेबाने मी साडेपाच हजार आणले होते. पाकीट पुढे केले. त्याने हात लावला नाही.

"एवढी रोकड माझ्या खिशात सापडली, तर तिचाही खुलासा करावा लागेल."

पुढे त्या गाडीत मला कधीच कोणी थांबवले नाही. त्या सोमवारी बँकेतून ड्राफ्ट काढून दिला होता: पूर्ण सहा हजार, त्याच्या नावाने.