सम्राटाचा राजीनामा

आमच्या मंडळात एक खुळचट प्रथा होती. मंडळाचा जो अध्यक्ष, तोच गणपतीतल्या नाटकात राजा व्हायचा. नाटक पौराणिक असलं तर प्रश्नच नसायचा, पण सामाजिक असलं तरी त्यात कुठून तरी एक सिंहासन घुसवावं लागे. मग एखाद्या कारकुनाला स्वप्न पडायचं आणि त्या स्वप्नात माझे बाबा मुकुट घालून यायचे, चार वाक्यं बोलायचे, टाळ्या घ्यायचे आणि जायचे. याला कोणी हसत नसे. निदान मोठ्याने तरी नाही.

हे रायपुरातलं ते मोठं, नावाजलेलं मंडळ नव्हे. गुढियारीकडे रेल्वेत नोकरी करणारी मराठी घरं होती, त्यांनी मिळून चालवलेलं हे लहानसं मंडळ. शाळेच्या हॉलमध्ये त्यांचा गणपती बसायचा. बाबा खरं तर तिथले नव्हतेच. ते सदर बाजारामागच्या गल्लीत राहायचे आणि जिल्हा कोर्टात वकिली करायचे. रेल्वेवाल्यांची भाऊबंदकीची, घर खाली करण्याची भांडणं त्यांच्याकडे यायची, त्यातून घरोबा झाला आणि त्यांनी बाबांना अध्यक्ष करून टाकलं. पुढे ते अध्यक्षच राहिले. निवडणूक नावाची गोष्ट आमच्याकडे कधी झालीच नाही.

आमचं घराणं नागपूरकर राजांच्या फौजेमागून या मुलखात आलं आणि इथलंच होऊन गेलं. बाबांचा दिवस कोर्टात हिंदीत जायचा, बाजारात छत्तीसगढीत. मराठीसाठी जी काय जागा उरायची ती घरात आणि मंडळात. त्यामुळे त्यांची मराठी म्हणजे तिन्ही भाषांची मिसळ होती. "हव हव, मले मालूम आहे, कोर्टात पेशी लागून राहिली ना आज," असं ते बोलत, पेशी म्हणजे सुनावणी. नागपूरच्या नातेवाइकांना याची गंमत वाटे. बाबांना मात्र स्वतःच्या मराठीचा भारी अभिमान होता. मुकुट, खुर्ची हे सगळं एकीकडे. मंडळाने आपल्याला मराठी माणूस म्हणून पुढे बसवलंय, हे त्यांच्यासाठी खरं मोठेपण होतं. मला ते तेव्हाही माहीत होतं.

मग नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं. रस्ते उकरले गेले, घरभाडी वाढली आणि बाहेरून साहेब लोक आले. त्यांत मराठी माणसंही होती, बँकांतली, कंपन्यांतली. आमच्या मंडळाचा हॉल पहिल्यांदाच भरायला लागला. माझा नवरा त्या लोंढ्यातलाच. तो नागपूरचा, बँकेच्या नव्या कचेरीत होता. जावई बाबांनीच हेरला, तोही मंडळातच. लग्न झाल्यावर आम्ही चौबे कॉलोनीत भाड्याने राहायला लागलो.

त्याच लोंढ्यात पुण्याच्या एक बाई होत्या. त्यांचे यजमान एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. बाईंनी नाटकाचं दिग्दर्शन हातात घेतलं आणि पाठोपाठ मंडळाचं चिटणीसपदही. त्यांना नाटकातलं खरंच कळायचं, हे मी दात-ओठ खात का होईना, मान्य करते.

त्या वर्षीचं नाटक मी लिहिलं. पौराणिकाला लोक कंटाळले होते, म्हणून मी परग्रहावरचं लिहिलं. एका दूरच्या ग्रहावर परक्यांचं साम्राज्य आहे. दुसऱ्या ताऱ्यावरून येऊन त्यांनी हा ग्रह जिंकला आणि इतकी वर्षं राहिले की आपला मूळ तारा कोणता हेच विसरले. आता सम्राट थकला आहे. एका बाजूला त्या ग्रहावरच जन्मलेली त्याची मुलगी, दुसऱ्या बाजूला मूळ ताऱ्यावरून यानात बसून आलेला राजपुत्र. दरबार दुभंगतो. सेनापती सकाळी मुलीकडे असतो, संध्याकाळी राजपुत्राकडे. कारस्थानं होतात, निष्ठा बदलतात, आणि सम्राट काही मरत नाही. हे सगळं आमच्याच मंडळावर आणि माझ्याच घरावर बेतलंय, असं नंतर सगळे म्हणाले. मला लिहिताना ते सुचलंच नव्हतं. यावर आजतागायत कोणाचाच विश्वास बसलेला नाही.

प्रथेप्रमाणे सम्राट बाबा झाले आणि राजपुत्र माझा नवरा. सम्राटाचा मुकुट म्हणजे स्कूटरचं हेल्मेट, त्यावर सदर बाजारातून आणलेला चंदेरी कागद चिकटवलेला. बाबा ते घालून असे ऐटीत बसायचे की परग्रहवासी वगैरे सोडा, वरातीतले नवरदेव वाटावेत. तालमीत वाक्य होतं, "माझ्या पश्चात हे सिंहासन कोणाचे?" बाबा म्हणायचे, "माझ्या बादमध्ये हे सिंहासन कोणाचं राहीन?"

बाईंनी ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "सर, सम्राट परग्रहावरचा आहे, रायपूरचा नाही."

"परग्रहावर कोणती मराठी चालते, म्याडम?" बाबांनी विचारलं.

सगळे हसले. बाबाही हसले. बाई हसल्या नाहीत.

दोन दिवसांत बाईंनी सांगून टाकलं की सम्राटाचं काम जावयांनी करावं, त्यांची वाणी स्वच्छ आहे. ऐकायला साधी गोष्ट होती, पण आमच्याकडे राजा बदलायचा म्हणजे अध्यक्ष बदलायचा. बाईंना ही प्रथा चांगली ठाऊक होती. रेल्वेची जुनी घरं बाबांमागे उभी राहिली आणि कॉलोन्यांमधले नवे लोक माझ्या नवऱ्यामागे. मग जे सुरू झालं ते माझ्या नाटकातल्या दरबारापेक्षा रंगतदार होतं. सकाळी सदर बाजारात बाबांच्या घरी "वकीलसाहेब, आम्ही तुमच्याच सोबत आहो" म्हणून चहा पिणारी माणसं संध्याकाळी चौबे कॉलोनीत आमच्या सोफ्यावर बसलेली असत, आणि चहाही माझ्याच हातचा पीत. माझ्याकडे बघून ओशाळं हसायचे आणि बशीत बिस्कीट बुडवायचे. मला त्यांची लाज वाटायची. आणि मी दोन्हीकडे ट्रे घेऊन उभी असायचे, त्याची तर जास्तच.

नवऱ्याला मी स्पष्ट विचारलं, "तुम्हाला व्हायचंय का अध्यक्ष?"

"मले काय हौस आहे का? लोक म्हणून राहिले तर मी काय करू?" तो घरातल्या नागपुरीत म्हणाला; छापील मराठी त्याने स्टेजपुरती ठेवली होती. पण त्याच संध्याकाळी तो आरशासमोर स्वतःचं स्कूटरचं हेल्मेट घालून उभा असलेला मला दिसला. हनुवटी वर करून, डावीकडून, मग उजवीकडून. मला पाहिल्यावर त्याने घाईने काच खाली ओढली, जणू गाडी घेऊन बाहेरच निघाला होता. मला हसू यायला हवं होतं. मला त्याची कीव आली आणि त्या क्षणी मी त्याची बायको आहे याचाही संकोच वाटला.

भांडण मिटवायला रविवारी सकाळी सभा बोलावली. आदल्या दिवशी मी माहेरी गेले तेव्हा बाबा मजेत होते. त्यांनी तोडगा काढला होता. पहिल्या अंकात सम्राट ते स्वतः, दुसऱ्या अंकात सम्राट मरतो आणि जावई गादीवर बसतो. या वर्षी अध्यक्ष ते, पुढच्या वर्षी जावई. "घरातल्या घरात कायचा झगडा?" ते म्हणाले. "उद्या सगळ्याइसमोर मीच बोलतो. तू काही मधात नको पडू." बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं अशीच मिटवली होती. मला हायसं वाटलं. बाबा राहणार होते, नवऱ्याचं नाक कापलं जाणार नव्हतं आणि मला बाजू घ्यावी लागणार नव्हती.

सभेला हॉल गच्च भरला. मधे मोकळी वाट ठेवून दोन्ही पक्ष दोन बाजूंना बसले, लग्नात वरपक्ष-वधूपक्ष बसतात तसे. मी कुठे बसायचं हे न कळून मागे दाराजवळ उभी राहिले. बाबा उठले. काळा कोट नव्हता, पण उभे राहिले ते कोर्टात राहतात तसेच.

"हे पाहा," ते म्हणाले, "जादा भाषण नाही करत. मी राजीनाम्याले तयार आहो. आजच, आत्ताच. झगडा खतम."

आणि मी थिजले. बाबा काय म्हणाले ते मला कळलं, आणि लोकांनी काय ऐकलं तेही कळलं. कोर्टात दोन्ही पक्षांची तडजोड झाली की आमच्याकडे हिंदीत त्याला राजीनामा म्हणतात. 'राजीनामा हो गया' म्हणजे भांडण मिटलं, दोघंही राजी झाले. पद सोडायचं असेल तर त्याला इस्तीफा. बाबांच्या तोंडी हा शब्द रोज, उठता-बसता असायचा. समोर बसलेल्या नव्या लोकांना मात्र राजीनाम्याचा एकच अर्थ माहीत होता.

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. मग बाईंनी टाळी वाजवली आणि हॉलभर टाळ्या झाल्या. बाबांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, तडजोड मानली लोकांनी. त्यांनी हात जोडले, दोन्ही बाजूंना मान तुकवली. "सगळ्याइले मंजूर?" त्यांनी विचारलं.

"मंजूर!" नव्यांच्या बाजूने आवाज आला. रेल्वेची माणसं एकमेकांची तोंडं बघत होती.

"या, जावईबापू, इथं बसा," बाबा शेजारच्या खुर्चीवर थाप मारून म्हणाले. नवरा उठला, अडखळला, माझ्याकडे वळून पाहू लागला. बाई म्हणाल्या, "सरांनी फार मोठं मन दाखवलं. मावळत्या अध्यक्षांचा आपण आत्ताच शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू या." शाल गणपतीच्या सामानात होतीच. कुणी तरी ती झटकत आणली.

"शाल काहून?" बाबा हसून म्हणाले. "मी कुठं चाललो?"

ते हसू माझ्याने बघवेना. मी तिथूनच ओरडले, "थांबा! बाबांचा तसा अर्थ नाही. ते कोर्टातला राजीनामा म्हणाले. म्हणजे तडजोड, समझौता. हिंदीत तसं म्हणतात." लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. कोणाला पटतंय असं दिसेना, म्हणून मी आणखी जोर लावला. "मराठीत राजीनामा म्हणजे काय, ते बाबांना माहीत नाही!"

आधी मागून एकजण फिसकन हसला. मग कुणी तरी म्हणालं, "घ्या! मराठी मंडळाचे अध्यक्ष, आणि मराठीतला राजीनामा माहीत नाही!" आणि हॉल हसला. नवे लोक हसले ते सोडा, बाबांसाठी भांडायला आलेली रेल्वेची माणसंही हसली. बाई तोंडावर पदर घेऊन हसल्या. माझा नवरा खाली मान घालून उभा होता, पण त्याचेही खांदे हलत होते.

बाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं, टाळ्या कशासाठी वाजल्या तेही, शाल कशासाठी आली तेही. एवढंच बोलायचं होतं की हो, पोरगी बरोबर सांगते. दोन मिनिटं चेष्टा झाली असती आणि खुर्ची राहिली असती. मला तोंड लपवावंसं वाटत होतं, तरी मी मान हलवून त्यांना खुणावत राहिले की बोला, बोला ना.

"बस कर, पोरी," बाबा शांतपणे म्हणाले. "मले येते मराठी." मग सभेकडे वळून त्यांनी एकेक शब्द सावकाश, जपून उच्चारला. "मी मराठीतलाच राजीनामा दिला आहे."

हसणं बंद झालं. बाईंनी बाबांना शाल पांघरवली, बाबांनी नारळ हातात घेतला आणि जावयाचा दंड धरून त्याला खुर्चीवर बसवलं. "मामाजी, ऐका तर," नवरा सासऱ्यांच्या कानाशी पुटपुटला. बाबांनी ऐकलं नाही.

मी त्यांना माझ्या स्कूटीवरून सदर बाजारात सोडायला निघाले. फाटकाशी दोघं-तिघं रेल्वेवाले उभे होते, त्यांनी बाबांना नमस्कार केला. बाबांनी नारळ एकाच्या हातात दिला आणि मागे बसले. मी म्हणाले, "बाबा, माझं चुकलं का? मी तुमच्याच बाजूने बोलले."

"गाडी आराम से चलाओ, बेटी," बाबा म्हणाले. "आगे भीड़ है।"

मला वाटलं, आज मन ठिकाणावर नसेल, म्हणून हिंदीत बोलले. पण त्यानंतर ते माझ्याशी कधीच मराठीत बोलले नाहीत. जावयाशी बोलायचे, शेजाऱ्यांशी बोलायचे, नागपूरच्या फोनवर तर घटका-घटका बोलायचे. मला मात्र हिंदी. रागाने नाही, अगदी प्रेमाने, अशील फार शिकलेला नसला की त्याच्याशी बोलायचे तसं सोपं करून. मी मराठीत विचारत राहिले, "बाबा, जेवलात का?" आणि ते शेवटपर्यंत म्हणत राहिले, "हाँ बेटी, खा लिया।"