मोठ्या दाजींचं बाहेरून एमबीए

आमच्या मोठ्या दाजींना जळायला कारण लागत नाही, साडू पुरेसा आहे. हे मी त्यांच्या तोंडावर बोललेलो आहे, तेव्हा इथं लिहायला हरकत नाही. व्यंकटराव त्यांचं नाव. लातुरात एका बियाणं कंपनीत विक्रीचं काम बघतात. माझी थोरली बहीण पारू त्यांना दिली आणि धाकटी सरू शेषेरावांना. शेषेराव पुण्यात इंजिनिअर. मी रामकिशन, दोघांचा एकुलता एक मेव्हणा. मुखेडला बसस्टँडसमोर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं माझं दुकान आहे. दोन जावयांच्या मधे सापडणं म्हणजे काय, ते मला विचारा.

शेषेरावांनी गाडी घेतली तेव्हा दाजी आठवडाभर पेट्रोलच्या भावावर बोलत होते. शेषेरावांचे केस गळायला लागले तेव्हा मात्र त्यांनी पारूला भजी करायला लावली. पण माणूस वाईट नाही. अहमदपूरपासून धर्माबादपर्यंत बियाण्यांचं असं दुकान नसेल जिथं दाजींनी चहा घेतला नाही. आमच्या शेतात कोणतं वाण पेरायचं हे तेच ठरवायचे. महिन्या-दोन महिन्याला एस.टी.नं यायचे आणि आबांना घेऊन बांधावर जाऊन बसायचे. आबा म्हणजे माझे वडील, ग्यानोबा. माझ्याशी दिवसात चार शब्द बोलणारा हा माणूस दाजी आले की अंधार पडेपर्यंत बोलत राहायचा. तेव्हा जळायची पाळी माझी असायची.

दुष्काळाची ती दोन वर्षं लागोपाठ आली, त्यातल्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. मृग कोरडा गेला होता आणि लोक पावसापेक्षा जिल्ह्यावर जास्त बोलत होते. उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती. आमचा मुखेड तालुका नांदेडातच राहणार की उदगिरात जाणार, यावर चौकात मारामाऱ्या व्हायच्या बाकी होत्या. दाजींच्या साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, "जिल्हा झाला की उदगीरला आपलं ऑफिस होणार. तुमच्याइतका हा भाग कुणालाच ठाऊक नाही. पण वरच्यांना मॅनेजर एमबीए झालेला पाहिजे."

दाजी अडतीस वर्षांचे, दोन लेकरं शाळेत. लातूरच्या कॉलेजात दिवसभर बसायचं तर नोकरी सोडावी लागणार. दुसरा रस्ता म्हणजे नोकरी सांभाळून बाहेरून परीक्षा द्यायची. रविवारी नांदेडला तास, बाकी अभ्यास घरी. पारू म्हणाली, "बाहेरूनच करा. नोकरी बी राहती अन् डिगरी बी हाती येती." दाजींनी फॉर्म भरला. इथवर सगळं शहाण्यासारखं चाललं होतं.

मग अधिक महिना आला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयांना बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचे, कपडे करायचे. विहिरीनं तळ दाखवला होता तरी आईनं पुरण घातलंच. पंगतीत पहिला पाट थोरल्या जावयाचा, हे आमच्या घरात कधी कुणाला सांगावं लागलेलं नाही. दाजी हातपाय धुऊन त्या पाटाकडं निघाले आणि आबा म्हणाले, "शेषेराव, तुम्ही बसा इथं."

दाजी ओल्या पायांनी उभेच राहिले. कारण लगेच कळलं. शेषेराव इंग्लंडला निघाले होते, एमबीए करायला. सरूचा आनंद पोटात मावत नव्हता. जेवताना शेषेराव सांगत होते, "एका वर्षात डिग्री. जगात कुठंही चालते. इथलं एमबीए काय, गल्लोगल्ली मिळतं." मी वाढत होतो. दाजींनी धोंड्याचा तुकडा मोडला तो तसाच हातात राहिला.

"मामा," दाजी आबांना म्हणाले, "मी बी एमबीए करून राहिलो."

आबांची तुपाची वाटी थांबली. "तुम्ही बी? कुठून?"

"बाहेरून."

आता, आमच्याकडं बाहेरून म्हणजे कॉलेजात न जाता परीक्षेला बसणं. निम्म्या गावानं दहावी बाहेरूनच दिलेली आहे. दाजी एक अक्षर खोटं बोलले नव्हते. पण इंग्लंडचं नाव त्या घरात नुकतंच घेतलं गेलं होतं, आणि आबांना बाहेर म्हणजे एकच बाहेर दिसत होतं. त्यांचे डोळे भरून आले. "ऐकलं का गं," ते आईला म्हणाले, "दोन्ही जावई परदेशाला चालले!" आई कुंकवाचा करंडा घेऊन धावली. मीसुद्धा फसलो. स्वयंपाकघराच्या दारात पारू काहीतरी बोलायला तोंड उघडून उभी होती. दाजींनी तिच्याकडं बघितलं. तिनं सरूकडं बघितलं, सरूचा चेहरा उतरलेला दिसला, आणि पारूनं तोंड मिटून घेतलं. नवराबायकोचं एरवी कशात जमत नाही, यात मात्र जमलं.

पुढचं मला पारूनंच नंतर सांगितलं. दाजी खरोखरच परदेशाच्या मागं लागले. नांदेडातल्या एका एजंटाकडून हिरव्यागार लॉनची चित्रं असलेली पुस्तकं आणली. लातुरातला प्लॉट विकायच्या गोष्टी सुरू झाल्या. आरशासमोर उभं राहून इंग्रजी बोलायचे. पारू वैतागून म्हणाली, "इंग्लंडात तूर पेरतेत का? ती डिगरी आणून उदगिरात कुणाला दाखवणार?"

"शेषेरावाला," दाजी म्हणाले.

इंग्रजीच्या शिकवणीत बाईंनी विचारलं, तुम्हाला परदेशात का शिकायचंय, इंग्रजीत सांगा. दाजींना खरं कारण सांगायचं होतं, पण साडूला इंग्रजीत नेमका शब्दच सापडेना. शेवटी तसेच खाली बसले. तिकडच्या कॉलेजांना लागणाऱ्या परीक्षेतही गाडी अडलीच. मग गुपचूप आपली बाहेरूनची पुस्तकं उघडली. पारूनं सुटकेचा निःश्वास सोडला, कारण प्लॉट तिच्या नावावर होता.

तेवढ्यात मुखेडच्या चौकात डिजिटल बॅनर लागला. दोन्ही साडूंचे फोटो, खाली 'परदेशी उच्चशिक्षणासाठी हार्दिक शुभेच्छा', आणि दोघांपेक्षा मोठा फोटो शुभेच्छुकाचा, ज्याला होणाऱ्या जिल्ह्यात निवडणुकीला उभं राहायचं होतं. आबा दोन वेळा जाऊन डिजिटलसमोर उभे राहून आले. इंग्लंडला गेलेला माणूस आता मुखेडला येणार कसा? दाजींनी आमच्याकडं येणं बंद केलं. दिवाळीला पारू एकटीच लेकरं घेऊन आली. आबांनी दोन्ही जावयांचा आहेर आणलेला होता. शेषेरावांचा सरूच्या हाती दिला. दाजींचा पारूला देईनात. म्हणाले, "ते आल्यावर माझ्या हातानं देईन." पारू चुलीपुढं जाऊन बसली ती लवकर उठली नाही.

उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. मी तांब्याची तार आणायला तिथं गेलो होतो. बहिणीच्या गल्लीत वळलो तर टँकरच्या रांगेत, हातात घागर, डोक्याला रुमाल, इंग्लंडात असलेले दाजी.

"लंडनला पण टंचाई हाय का दाजी?" मी विचारलं.

त्यांनी मला बाजूला ओढलं. "हळू बोला. पेपर झाले की सांगतो समद्याला. शेषेराव यायच्या आत माझा निकाल लागू द्या." जिल्ह्याचं काही झालं नव्हतं, म्हणजे ऑफिसचंही नव्हतं. ज्या खुर्चीसाठी हे चाललं होतं ती खुर्चीच तयार नव्हती, आणि हा माणूस तिचं नावही काढत नव्हता. मला असा राग आला की घागर त्यांच्या डोक्यावर ओतावीशी वाटली, पण पाणी महाग होतं. रागारागात मी तार न घेताच परत आलो, पण घरी काही सांगितलं नाही.

वैशाखात आबांना छातीचा त्रास झाला. नांदेडला दवाखान्यात ठेवलं. मी दोन्ही बहिणींना फोन केला. दुपारच्या आत दाजी हजर, एस.टी.त उभ्यानं आलेले, शर्ट घामानं भिजलेला, चप्पल तुटलेली. ते खाटेजवळ गेले तसे आबांनी त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला.

तेवढ्यात इंग्लंडहून शेषेरावांचा व्हिडिओ कॉल आला. फोन दाजींच्याच हातात दिला गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी साडूला डोक्याच्या वर धरलं, आबांना नीट दिसावं म्हणून. शेषेराव सांगत होते, सुट्टी मिळत नाही, तिकीट मिळत नाही. आबांनी मधेच हात वर केला.

"शेषेराव, असू द्या. पण हे बघा, तुमचे साडू आले. फोन गेला अन् लगेच इमानात बसून आले. तुमच्यासारखं त्यांचं बी शिक्षण चालू हाय. तरी आले."

दहा वर्षं दाजी ज्या घडीची वाट बघत होते ती ही. शेषेरावांचा उतरलेला चेहरा त्यांच्या मुठीत होता. मी त्यांच्याकडं बघत होतो. म्हटलं, आता हा माणूस हसणार. दाजींनी फोन माझ्याकडं दिला.

"मामा, मी लातूरहून आलो," ते म्हणाले. "एस.टी.नं. मी कुठंच गेलो नव्हतो. बाहेरून म्हणजे आपलं घरी बसून परीक्षा द्यायचं बाहेरून."

मला वाटलं, आता आबा डिजिटलचं काढतील, गावात गेलेल्या इज्जतीचं काढतील.

"वरीसभर लातुरातच होता?"

"हाव."

"पहिला पाट शेषेरावाला दिला, कारण ते लांब चालले होते," आबा म्हणाले. "तुम्ही जवळच राहणार म्हणून तुम्हाला मागं ठेवलं. अन् मग तुम्ही बी चाललो म्हणलात. लांबचा माणूस येत न्हाई, म्हणून मी मन मारून बसलो. दिवाळीचा तुमचा आहेर अजून ट्रंकेत हाय." त्यांनी हात सोडला नव्हता. "तुम्ही तर इथंच होता की. मग कामून आला न्हाईत?"

माझ्या हातातल्या फोनमधून शेषेराव विचारत होते, "काय झालं? मला ऐकू येईना." मी फोन बंद केला.