चार बोटांचं अंतर

टोर काकाच्या उजव्या भुवईवर अर्धचंद्रासारखा वण आहे. एकोणिसाव्या वर्षी त्याच्याच रायफलच्या धक्क्याने वरची दुर्बीण कपाळावर आपटली, तो. पुढे एकतीस वर्षं काका कोडियाक बेटावर पाहुण्यांना अस्वलाच्या शिकारीला न्यायचा. पण आधी प्रत्येकाची दुर्बीण तपासायचा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. चित्र पूर्ण दिसलं आणि भुवई न् काचेच्या मधे चार बोटं मावली, तरच बोटीत बसा.

त्या वसंतात डॅलसहून व्हिटलॉक नावाचा दातांचा डॉक्टर आला. रायफल हत्ती पाडणारी, वर हातभर लांब दुर्बीण.

काकाने बोटं घातली. दोनच मावली.

"ही हलक्या बंदुकीची आहे. तुझी रायफल खेचरासारखी लाथ मारते. माझी छोटी दुर्बीण लाव."

"छोटीतून दिसणार काय?"

"अस्वल. साठ पावलांवर असतं ते, चंद्रावर नसतं."

"तुझ्या गाडीपेक्षा महाग आहे ही, म्हातारबा."

कॅम्पचा मालक गस फिदीफिदी हसला. मग काकाला बाजूला घेऊन म्हणाला, "हे गिऱ्हाईक बिथरलं ना, तर पुढच्या वर्षी तू घरीच बस."

काका गप्प बसला. आयुष्यात एकदाच.

पहिल्याच गोळीला दुर्बीण डॉक्टरच्या भुवईत घुसली. गोळी अस्वलाच्या पोटात गेली आणि अस्वल झुडपात. आमच्याकडे जखमी जनावर सोडून येत नाहीत. पाहुण्याने घायाळ केलं तर वाटाड्याने आत शिरायचं. काका शिरला, एकटा. अस्वल त्याने मारलं, पण तोवर काकाचं डावं मनगट अस्वलाच्या जबड्यात गेलं होतं.

त्या हातात आता कॉफीचा कपही ठरत नाही. गसने दुसरा वाटाड्या ठेवला.

गसच्या ऑफिसात काचेच्या चौकटीत फोटो लागला. मेलेलं अस्वल, शेजारी भुवईवर पट्टी बांधलेला डॉक्टर. खाली लिहिलेलं, 'अस्वलाच्या पंजाची खूण'.

"खोटं आहे हे," मी काकाला म्हणालो.

"आहेच. पण बोटं मी मोजली होती. मोजून गप्प बसलो."

"गसने बसवलं तुला."

"तोंड माझंच होतं ना?"

मला नाही पटलं. मी जाऊन फोटो भिंतीवरून काढला आणि आपटला. गसने मला कॅम्पवर यायची बंदी केली. जातंय कोण.

काका धक्क्यावर एका हाताने मासे साफ करत होता. सगळं ऐकून घेतलं, मान वर केली नाही.

"काचा उचलल्यास का?" म्हणाला. "कुणाच्या तरी पायात जातील."