शाईच्या पेनाचा परवाना

गुंडुला कोसमालाने हयात ट्राम चालवण्यात घालवली, आणि निवृत्त झाल्यावर जर्मनीतल्या गेल्सनकिर्शन शहरातल्या आपल्या इमारतीचे भाडेकरू गोळा करून घरमालकाच्या नाकी नऊ आणले. त्या गुरुवारी मात्र तिची गाठ एका निळ्या पेनाशी पडली होती.

आजीला 'ओमा' म्हणणारी नात मारित तिसरीत. बाईंना अक्षर पसंत पडलं की पोरांना शाईच्या पेनाचा परवाना मिळतो, पुठ्ठ्याचा, फोटोसकट. तोवर पेन्सिल. वर्गात पेन्सिलवाली एकटी मारित उरली होती. उद्या पेनाने लिहून दाखवायची शेवटची खेप. नाही जमलं तर चौथीतही पेन्सिलच. आणि सरावाला आणलेलं पेन ओळीच्या मध्येच कोरडं पडत होतं.

"दाबून लिहितेस."

"नाही, ओमा."

"मग पाडलं असशील."

"आणलंस तू. तूच पाडलं असशील."

गुंडुलाने शाईची कांडी काढून पुन्हा खटकन बसवली. निब कोमट पाण्यात धरलं, फडक्यावर टिपलं, कागदावर वेटोळी काढली. झरझर शाई. मारितच्या हाती दिलं, तर दोन अक्षरं आणि नुसता ओरखडा. पुन्हा आपल्याकडे घेतलं: सुरळीत. पुन्हा तिला दिलं: ओरखडा.

"माझ्या हातात चालतंय." आवाज चढल्याचं तिचं तिलाच कळलं. "म्हणजे खोट पेनात नाही."

मारितने पेन खाली ठेवलं आणि डावा हात मांडीखाली सारला.

गुंडुला उठली, खिडकीशी गेली, परत आली. पहिलीत तिचा स्वतःचा डावा हातही असाच मांडीखाली बसायचा. बाकावर पट्टी आपटायची, 'चांगला हात', म्हणजे उजवा, वर घ्यावा लागायचा. तोच चांगला हात आजवर लिहीत आला होता. आत्ताही पेन त्यानेच तपासलं होतं.

तिने पेन डाव्या हातात धरलं. पकडीच्या खाचांत बोटं बसेनात. रेटून बसवली तर निब कुशीवर वळून कागदात रुतलं. दोन अक्षरं. ओरखडा.

"हरामखोर," ती पेनाला म्हणाली.

"ओमा, शिवी."

"पेनाला चालते. कोट घाल, दुकान बंद होईल."

दुकानदार तेब्बे शटर ओढतच होता. "उद्या या, फ्राउ कोसमाला."

"उद्या पोरीची परीक्षा आहे. डावखुऱ्यांचं पेन काढा. हे उजव्यांचं विकलंत मला, एका शब्दाने न विचारता."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

गुंडुला मारितचा डावा हात धरून तिथेच उभी राहिली. तेब्बेने शटर वर केलं.

दुकानातल्या चाचणीच्या कागदावर मारितने नव्या पेनाने एक ओळ लिहिली, मग तिच्याखाली दुसरी. कुठेही तुटली नाही. तिने पेन आजीपुढे धरलं. "आता तू. या हाताने."

गुंडुलाने नाव लिहिलं. अक्षरं झिंगल्यासारखी एकमेकांवर कलंडली.

"तुला नाही मिळायचा परवाना," मारित म्हणाली.

"ते बघू." गुंडुलाने पाकीट काढलं. "तेब्बे, असलंच आणखी एक द्या."